वायरमन, सुपरवायझर, ठेकेदार : लाईनच्या धंद्यात लायसन नक्की कुणाचं लागतं?



"सर, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन कितीला मिळतं?" हा प्रश्न दर कार्यशाळेत एकदा तरी येतोच. विचारणारा बहुतेक वेळा कसलेला कारागीर असतो. आठ-दहा वर्षं घरांची, दुकानांची वायरिंग केलेली असते. गावातल्या डीपीचं किटकॅट गेलं की लोक आधी त्याला हाक मारतात, मग महावितरणला फोन करतात. आता त्याला मोठं काम हवं असतं : सोसायटीची पॅनल रूम, एखाद्या गोठ्याची थ्री फेज जोडणी, शेतीपंपासाठी चार खांबांची लाईन. तिथे पहिला प्रश्न येतो, "लायसन आहे का?" आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगतं, "अमक्याचं आहे. वर्षाला काहीतरी दे, सही तो मारेल."

त्या "कितीला"चं उत्तर आधी देऊन टाकतो. सरकारी फी हा या सगळ्यातला सगळ्यात किरकोळ खर्च आहे. खरा खर्च कशात होतो, ते समजायला आधी हे कागद काय आहेत ते बघावं लागेल.

एक नाही, तीन कागद

आपल्याकडे सरसकट "लायसन" म्हणतात, तिथे कायद्याला तीन वेगळी माणसं दिसतात. तार हातात धरणारा, त्याच्या शेजारी उभं राहून काम बघणारा, आणि काम अंगावर घेणारा. पहिल्याकडे वायरमनचं परमिट हवं, दुसऱ्याकडे पर्यवेक्षकाचं म्हणजे सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र, आणि तिसऱ्याकडे विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती. तिन्ही राज्य सरकार देतं. आपल्याकडे हे काम अनुज्ञापक मंडळ करतं.

ही विभागणी नवी नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ क्रमांकाचा नियम होता, तो हेच सांगायचा. वीज कायदा २००३ आल्यावर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे विनियम काढले, त्यात २९ व्या विनियमात तेच आलं. २०२३ मध्ये हे विनियम पुन्हा नव्याने निघाले, तरी गाभा तोच राहिला : ग्राहकाच्या जागेत विजेचं नवं काम, वाढीव काम, बदल किंवा दुरुस्ती करायची तर ती परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्रधारकाच्या थेट देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाच्या हातून.

मग बल्ब बदलायलाही लायसन? नाही. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला सूट आहे, पण एक अट आहे. त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. ही अट नीट वाचा, कारण तुमचा सध्याचा निम्मा धंदा याच रेषेवर उभा आहे. जुना पंखा काढून नवा बसवला, ठीक. बेडरूममध्ये एसीसाठी मीटरपासून नवी वायर ओढली, की तुम्ही रेषेच्या पलीकडे गेलात. पिठाच्या गिरणीची मोटर पाचची काढून दहा एचपीची लावली, तेव्हाही गेलात. रोज हजारो लोक ही रेषा ओलांडतात आणि काही होत नाही, हे मलाही माहीत आहे. होतं तेव्हा काय होतं, त्यावर पुढे येतो.

एक छोटी गोष्ट. जुनी माणसं अजून याला "पीडब्ल्यूडीचं लायसन" म्हणतात. त्या नावावरून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पायऱ्या चढू नका. विद्युत निरीक्षकांची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पहिली चौकशी तिथे करा.

परीक्षा : पास होण्यापुरती की हातात बसण्यापुरती?

वायरमन परमिटचा सरळ रस्ता आयटीआयमधून जातो. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन. दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. पुढे डिप्लोमा किंवा डिग्री आणि कामाचा अनुभव असेल तर सुपरवायझरच्या प्रमाणपत्राकडे जाता येतं. आयटीआय झालेलं नाही, पण कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षे काम शिकलोय, अशांसाठी परीक्षेचा मार्ग आहे. तो अवघड जातो, कारण हात शिकलेला असतो आणि कागद शिकलेला नसतो.

मुलं या परीक्षेची गाईडं पाठ करतात. पाठ करायला माझी हरकत नाही. पण त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे विचारलंत तर तो विसरणार नाही. उदाहरण घ्या. रस्ता ओलांडणारी लाईन जमिनीपासून किती उंच हवी? लो टेन्शनची ५.८ मीटर, ११ केव्हीची ६.१ मीटर. आता कारखान्याचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. उसाने वरपर्यंत रचलेली ट्रॉली, वर बसलेला एक माणूस, आणि उन्हाने ढिली होऊन खाली आलेली तार. ५.८ हा आकडा त्या माणसाच्या डोक्यासाठी आहे. ११ केव्हीची तार इमारतीच्या बाजूने जाते तेव्हा आडवं अंतर १.२ मीटर आणि छपरावरून जाते तेव्हा उभं अंतर ३.७ मीटर लागतं. गावाकडे काय होतं? लाईन आधीची असते, घर नंतर वाढतं. पहिल्या मजल्याचा स्लॅब पडतो, गच्चीवर लोखंडी सळया उभ्या राहतात, आणि घरमालक तुम्हाला म्हणतो, "तेवढी वायर जरा सरकवून द्या की." ती वायर महावितरणची आहे. तुमचं काम ती सरकवण्याचं नाही, अर्ज कसा करायचा ते त्याला सांगण्याचं आहे.

दुसरा आकडा मेगरचा. घरगुती किंवा थ्री फेज जोडणी सुरू करण्याआधी प्रत्येक जिवंत वाहक आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्यायचं, आणि इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगओहम आला पाहिजे. हेच ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टमध्ये लिहायचं असतं. मी पाहिलेल्या कित्येक रिपोर्टांत हा आकडा मेगर न लावता लिहिलेला होता, आणि सगळीकडे तोच गोल, सुंदर आकडा! प्रत्यक्ष मोजलेलं रीडिंग इतकं गोल येत नाही. निरीक्षकाला हे तुमच्या-माझ्याआधी कळतं.

लाईनमनची परीक्षा नुसत्या कागदावर होत नाही, हेही लक्षात घ्या. तेलंगणात ज्युनियर लाईनमनच्या भरतीत उमेदवाराला खांबावर चढून दाखवावं लागतं. ठेकेदार म्हणून तुम्ही स्वतः चढणार नसाल, पण ज्याला चढवणार आहात त्याचं परमिट बघाल आणि त्याला उंचीवर चक्कर येते का हे विचारणार नाही, असं करू नका.

काही जण विचारतात, धंदा करण्यापेक्षा महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक म्हणून लागू का? तो वेगळा रस्ता आहे आणि चांगला आहे. दहावी अधिक आयटीआय, वय १८ ते २७, तीन वर्षं मानधनावर, मग तंत्रज्ञ. मागच्या मोठ्या भरतीत ५,३४७ जागा होत्या आणि मानधन पहिल्या वर्षी महिना १५,०००, मग १६,०००, मग १७,००० रुपये. वय बसत असेल तर परीक्षा जरूर द्या. मात्र तिथली नोकरी आणि तुमची अनुज्ञप्ती या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

दुसरं परमिट

लाईनवाल्यांच्या बोलीत "परमिट" या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि जीव त्याच्यावर अवलंबून असतो. लाईनवर हात टाकण्याआधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून लाईन बंद असल्याचं परमिट घ्यावं लागतं. कुणाच्या नावावर, कोणत्या फीडरचं, किती वाजता. काम झाल्यावर ज्याने घेतलं त्यानेच ते परत करायचं. तुमच्याकडे तिन्ही कागद असले तरी हे दुसरं परमिट नसेल, तर खांबाला हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही.

आणि परमिट मिळालं म्हणजे तार मेली, असंही नाही.

समजा तुम्ही डीपीजवळ ११ केव्हीचा जंपर बांधताय. ब्रेकर बंद, फीडर बंद, परमिट हातात. दोनशे मीटरवर मंगल कार्यालयात लग्न आहे. वीज गेली म्हणून त्यांनी जनरेटर सुरू केला, पण तिथे चेंजओव्हर स्विच नाही. कुणीतरी जनरेटरची वायर सरळ मेन बोर्डात घुसवलेली आहे. ती वीज उलटी डीपीकडे येते. ट्रान्सफॉर्मरला सरळ-उलट कळत नाही. वरून ११,००० व्होल्ट आले तर तो खाली ४३३ करतो. खालून नेहमीचं व्होल्टेज शिरलं तर वर त्याच प्रमाणात चढवतो, म्हणजे तुमच्या हातातल्या "बंद" तारेवर हिशोबाने ११ हजारांच्या आसपास. सगळ्या गावाचा भार अंगावर आला तर छोटा जनरेटर दबून बंद पडतो, हे खरं. पण त्या वेळी बाकी गाव डीपीपासून सुटलेलं असेल तर तो दबत नाही.

म्हणून टेस्टरने तपासायचं, डिस्चार्ज रॉड लावायचा, आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थ करायच्या. दोन्ही बाजूंना, कारण वीज कुठून येईल हे तुम्हाला माहीत नसतं. आपल्याकडे गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाल्यापासून आणखी एक फसवी गोष्ट वाढली आहे. कुठे एकाच खांबावरून दोन लाईनी जातात, कुठे एकमेकींना ओलांडतात. परमिट शेतीच्या फीडरचं, आणि डोक्यावरची दुसरी लाईन चालू! चढण्याआधी खालून वर बघून तारा मोजा. फोनवर "टाकू का?" "टाका" एवढ्यावर लाईन चालू करण्याची सवय तुमच्या माणसांना लागू देऊ नका. सबस्टेशनवाला एकाच वेळी तिघांशी बोलत असतो.

हातमोजे, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, शिडी, अर्थिंगचं साधन, टेस्टर हे काम करणाऱ्याला पुरवणं विनियमांतच लिहिलेलं आहे. हातमोज्यावर किती व्होल्टचा वर्ग आहे ते वाचून घ्या. बाजारात भांडी घासायच्या मोज्यांपेक्षा जरा जाड, एवढाच गुण असलेले मोजेही मिळतात.

भाड्याचं लायसन : हिशोब मांडून बघू

आता टपरीवरच्या सल्ल्याकडे येतो. भाड्याच्या लायसनवर काम घेणारे खूप आहेत. चुकीचं आहे, बेकायदा आहे, हे सगळे सांगतात आणि कुणी ऐकत नाही. म्हणून मी धंद्याच्या भाषेत सांगतो.

तुम्ही तीन वर्षं अमक्याच्या लायसनवर काम केलं. पंधरा कामं झाली, चोख झाली. त्या पंधरा कामांच्या वर्कऑर्डर कुणाच्या नावावर? त्याच्या. काम पूर्ण झाल्याचे दाखले त्याच्या नावावर, उलाढाल त्याची, जीएसटीतही तोच. उद्या नगरपरिषदेची निविदा निघाली आणि "मागील तीन वर्षांचा तत्सम कामांचा अनुभव" मागितला, तर तुमच्या फाइलमध्ये काय आहे? मोबाईलमधले फोटो. तुमच्या घामावर दुसऱ्याचा धंदा मोठा झाला, आणि त्यासाठी वर पैसेही तुम्हीच दिले. भाडं तुम्ही त्याच्या सहीचं दिलंत. सोबत तुमचा तीन वर्षांचा अनुभव फुकट गेला.

त्याच्या बाजूनेही बघू, कारण वाचणाऱ्यांत काही लायसनवालेही आहेत. अपघात झाला तर वीज कायद्याच्या कलम १६१ खाली त्याची खबर द्यावी लागते, आणि चौकशीला विद्युत निरीक्षक येतो. त्याचे प्रश्न साधे असतात. काम कोणत्या ठेकेदाराचं? देखरेखीला कोण होतं? तो त्या वेळी कुठे होता? टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची? सही करणारा त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर "थेट देखरेख" या दोन शब्दांसमोर तो एकटा उभा असतो. माणूस गेला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहेच, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचं. वर्षाला मिळणाऱ्या भाड्यात हे सगळं बसतं का, त्याने त्याचं बघावं.

मग भांडवल नाही, डिप्लोमा नाही, अशा कारागिराने करायचं काय? दोन सरळ वाटा आहेत. पहिली, स्वतःचं वायरमन परमिट काढायचं आणि परवानाधारक ठेकेदाराकडे मजुरीचं उपकंत्राट उघडपणे, लेखी घ्यायचं. बिल तुमच्या नावाचं, पैसे तुमच्या बँकेत. रक्कम कमी मिळेल, पण तीन वर्षांनी हातात कागद असेल. दुसरी, प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर भागीदार किंवा पगारी कर्मचारी म्हणून खरोखर घ्यायचा आणि अनुज्ञप्ती फर्मच्या नावावर काढायची. खरोखर म्हणजे तो साइटवर दिसला पाहिजे. एकाच सुपरवायझरचं नाव चार ठेकेदारांच्या कागदांवर असेल तर त्याच्या पगारात तुमची बचत होत नाही, तुमची अनुज्ञप्ती धोक्यात येते. तालुक्याच्या गावात डिप्लोमा झालेली मुलं-मुली नोकरी शोधत पुण्याला चाललेली असतात. त्यांच्याशी एकदा बोलून बघा. मला यातली दुसरी वाट जास्त पटते.

पहिली कामं कुठून येतात?

लाईनच्या धंद्यात नव्या ठेकेदाराला सगळ्यात जवळचं दार म्हणजे "१.३ टक्क्यांची कामं". महावितरणच्या कार्यालयाबाहेर हा शब्द रोज कानावर पडेल. ग्राहकाला स्वतःच्या जोडणीसाठी लाईन, डीपी असं काही उभारून घ्यायचं असतं. महावितरण अंदाजपत्रक मंजूर करतं, ग्राहक स्वतःच्या खर्चाने परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेतो, आणि महावितरण देखरेखीचे १.३ टक्के आकारतं. म्हणजे ठेकेदार ग्राहक निवडतो. तिथे तुमची ओळख, तुमचा भाव आणि तुम्ही फोन उचलता की नाही, हे चालतं.

इथे पैसे अडकतात ते मालात. खांब, कंडक्टर, ट्रान्सफॉर्मर हे मंजूर प्रतीचंच लागतं, आणि उधारीवर फारसं मिळत नाही. (कंडक्टरची नावं ऐकून नवीन मुलं हसतात : स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग. ससा म्हणजे ५० चौरस मिलिमीटर, कुत्रा १००. नाव विसरलात तर दुकानदार हसेल, मंजूर मापापेक्षा बारीक तार टाकलीत तर कुणी हसणार नाही.) माझा आग्रह असा, की मालाची रक्कम ग्राहकाकडून आगाऊ घ्या किंवा ग्राहकालाच माल थेट घेऊ द्या आणि तुम्ही मजुरी, हत्यारं आणि तपासणीचे पैसे वेगळे लावा. नफा कमी दिसतो, झोप चांगली लागते.

भावात दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून धरा. एक, तपासणीची साधनं : मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर. अनुज्ञप्तीच्या वेळी साधनं दाखवावीच लागतात, तर ती कपाटात ठेवण्यापुरती घेऊ नका. दुसरी, तुमच्याकडच्या माणसांचा विमा. ईएसआय लागू असेल तर ईएसआय, नसेल तर कर्मचारी भरपाईची पॉलिसी. खांबावरून पडलेल्या माणसाची भरपाई कायद्याने मालकावर येते, आणि मालक म्हणजे आता तुम्ही. "सर, दोनच पोरं आहेत, घरच्यासारखी आहेत," असं मला सांगतात. घरच्यासारखी आहेत म्हणून तर काढा.

अर्ज करण्याआधी एक दिवस मोकळा काढा. आयटीआयचं किंवा डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र, गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, जागेचा पुरावा घ्या आणि जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन सध्याचा अर्जाचा नमुना, फी आणि सुपरवायझरबाबतची अट लिहून आणा. यूट्यूबवरची जुनी यादी, त्यात माझीही आली, घेऊन जाऊ नका. अनुभवाच्या दाखल्यावर तारखा आणि कामाचं वर्णन नेमकं आहे का ते बघा. "उत्तम काम केले" एवढाच दाखला कुणाच्या उपयोगाचा नाही.

पुढच्या व्हिडिओत १.३ टक्क्यांच्या एका कामाचं अंदाजपत्रक घेऊन ओळीओळीने वाचणार आहोत. तुमच्याकडे एखादं जुनं अंदाजपत्रक असेल तर ग्राहकाचं नाव-पत्ता झाकून पाठवा. गावाकडच्या चार-पाच खांबांच्या कामाचं असेल तर फार बरं.